हावऱ्यावर सोडलेलं पाणी

संक्रांत मागं पडली की आमच्या बेंबळीच्या शिवारात एक वास उतरतो. कोवळ्या ज्वारीचा, जळत्या गोवऱ्यांचा आणि थोडा करपल्या पानांचा. कुणाच्या बांधावर आगटी पेटलीय, हे धूर दिसायच्या आधी नाकाला समजतं. नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसं या दिवसांत हुरड्याचं निमित्त काढून गावी येतात. बांधावर घोंगडी अंथरतात, लसणाची चटणी आणि दह्याचे डबे उघडतात, फोटो काढतात आणि "काय दिवस होते राव" म्हणतात. या वासानं मलाही दिवस आठवतात. ते आठवू नयेत म्हणून मी हुरड्याच्या आमंत्रणांना काही ना काही कारण सांगतो. दुकानात गर्दी आहे, पोटाला सोसत नाही, असलं काहीतरी.

गावात माझं बी-बियाणं, खतं-औषधांचं दुकान आहे आणि गावाबाहेर थोडी काळी जमीन. हावऱ्या त्याच जमिनीवर, अशाच दिवसांत आमच्याकडे आला. माझी मुलगी पूनम तेव्हा चौथीत होती. आगटीतून काढलेलं कणीस मी तळहातावर चोळत होतो, हिरवे वाफाळते दाणे घोंगडीवर पडत होते. तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून एक तांबडं पिल्लू आलं आणि त्यानं सरळ त्या दाण्यांत तोंड खुपसलं. पोळलं, केकाटलं, मागं सरकलं, आणि परत येऊन त्यानं तोंड खुपसलं.

"काय हावरं हाय गं बाई!" माझी बायको नंदा म्हणाली.

पूनमनं तेच धरलं. हावऱ्या. झालं बारसं.

त्या नावानंच त्याचा घात केला, असं मला आता वाटतं. ज्याला आपण हावऱ्या म्हणतो, त्याची भूक आणि तहान आपण खरी धरत नाही. तो ताटाकडे बघत बसला तरी हावरा, चप्पल चावली तरी हावरा, रिकामी वाटी चाटत अंगणभर ढकलत नेली तरी आम्ही हसायचो. वाटी रिकामी का आहे, हे कुणी विचारलं नाही.

वर्षभरात तो मोठा झाला. दुकानात येणाऱ्या माणसांवर भुंकायला लागला, म्हणून मी त्याला शेतात नेऊन ठेवला. राखण होईल, हे वरचं कारण. वाटेवरच्या शेळ्यांमागं लागतो म्हणून दिवसा लिंबाच्या झाडाला बांधायचा, संध्याकाळी मी घरी निघालो की मोकळा करायचा. सकाळी जाताना दोन भाकरी न्यायच्या. कुत्रं पाळायचं म्हणजे यापलीकडे काही असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या वडलांनीही असंच पाळलं होतं. पण वडलांच्या वेळी शेतात बैल होते, आणि बैलांसाठी दगडी हौद कायम भरलेला असायचा. कुत्रं त्यात तोंड घालायचं, चिमण्या काठावर बसायच्या, वाटसरू हातपाय धुवायचा. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि मी त्या हौदात खताची पोती रचून वर ताडपत्री टाकली. विहीर खोल, पाणी चार-पाच पुरुष खाली गेलेलं. मोटार सुरू झाली की पाणी विहिरीतून थेट पाइपात आणि ठिबकच्या नळ्यांतून थेट टरबुजाच्या मुळाशी. एक थेंब उघड्यावर पडत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगायचो.

एक थेंब उघड्यावर पडत नव्हता. हे वाक्य मी आता दुकानात कुणाला सांगत नाही.

त्या वर्षी टरबुजाच्या नळ्या चावलेल्या दिसायला लागल्या. सकाळी मोटार चालू केली की कुठंतरी कारंजं उडायचं, पुढच्या ओळी कोरड्या राहायच्या. मी फाटलेला तुकडा कापायचा, जोड बसवायचा, दुसऱ्या दिवशी शेजारची नळी फाटलेली असायची. दातांचे ठसे स्पष्ट होते. मी त्याच्या तोंडापुढं नळी धरून त्याला बडवलं. तो अंग चोरून पडून राहायचा आणि मार थांबला की नळीचं टोक चाटायचा. मला ती मुजोरी वाटली. मग मी नळ्यांना तिखट लावलं. लाल मिरचीची पूड तेलात कालवून, ओळीनं, फडक्यानं. औषधं विकणाऱ्या माणसाला असलं पटकन सुचतं. दुसऱ्या दिवशी नळ्या तशाच चावलेल्या, आणि त्याच्या नाकाला, डोळ्यांना सूज. तरीही चावलेल्या! मी शेजारच्या दादारावला म्हणालो, "हे जित्राब येडं झालंय."

दादाराव माझ्या बरोबरीचा, आमची शेतं बांधाला बांध लागून, त्याची मालवाहू पिकअप आहे. तो म्हणाला, "आप्पा, नको झालं आसंल तर नेऊन सोड कुठंतरी. पर जवळ सोडू नको. वास घेत माघारी येतंय."

लांब कुठं, याची युक्ती मात्र माझी स्वतःची. परंड्याच्या बाजूला सोनारीचं काळभैरवाचं देऊळ आहे. कुत्रं हे भैरवाचं वाहन. आमच्याकडे एखादं जनावर देवाच्या नावानं मोकळं करतात, त्याला 'देवाला सोडलं' म्हणतात. ते मग कुणाच्या मालकीचं राहत नाही, त्याला कुणी हाकलत नाही, आणि सोडणाऱ्याकडे लोक आदरानं बघतात. एकच क्रियापद. गुरं सोडतात, वळू देवाला सोडतात, बायको सोडतात, गाव सोडतात. मी त्या शब्दाच्या आडोशाला उभा राहिलो आणि मला तिथं चांगली सावली मिळाली.

पिकअपच्या मागच्या हौद्यात त्याला दोरीनं बांधून नेला. ऊन चढलं होतं. आम्ही दोघं पुढं बसलेलो. वाटेत एका ठिकाणी चहा घेतला. मागं जाऊन बघावं असं मला वाटलं नाही. देवळापाशी माणसं होती, नारळाच्या तुकड्यांवर टपलेली माकडं होती, आणि दारालगत नारळ-उदबत्ती विकणारी एक म्हातारी बाई पाल टाकून बसली होती. नुसतं दोरी सोडून निघून गेलो तर बरं दिसणार नाही, म्हणून मी तांब्यातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं, देवळाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि पाणी खाली सोडलं. दान देताना सोडतात तसं.

हावऱ्या पुढं आला आणि त्यानं ती ओली फरशी चाटली. कोरडी होईपर्यंत चाटली.

"बगा, तीर्थ घेतलं मुक्या जिवानं," कुणीतरी मागं म्हणालं. त्या म्हाताऱ्या बाईनं हात जोडले. माझेही डोळे भरून आले, हे खोटं कशाला सांगू. मी स्वतःच्याच नाटकानं गहिवरलो. तांब्यात पाणी उरलं होतं. ते मी निघताना देवळापुढच्या तुळशीला घातलं.

घरी येऊन पूनमला सांगितलं, "हावऱ्याला देवाला सोडला." सहावीतली पोर. तिनं विचारलं, "म्हणजे पप्पा, तो आता देवाच्या घरचा झाला?" मी व्हय म्हणालो. तिनं देव्हाऱ्यापुढं जाऊन नमस्कार केला. नंदानं सवयीनं भाकरी जास्त केल्या होत्या. त्या तिनं तशाच दुरडीत झाकून ठेवल्या. ती काही म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात माझंच खरं केलं असतं. पुढं काही दिवस दुकानात माणसं म्हणायची, "आप्पा, लई चांगलं केलंत. न्हाय तर लोकं कुठंबी टाकून देत्यात." मी मान हलवायचो. पोत्याचं तोंड शिवत राहायचो.

सुगीच्या शेवटी शेवटी आमच्या ज्वारीचं खळं होतं. आता खळं म्हणायचं नुसतं. मळणीयंत्र येतं, दुपारभर घरघरतं आणि भुसा उडवतं. ज्वारीची कूस अंगाला चिकटते, मानेत, कोपरात, पापण्यांत. त्या दिवशी यंत्र आमचं काम आटोपून पुढच्या शेतात गेलं. माणसंही यंत्रामागं गेली. मी पोत्यांपाशी एकटाच राहिलो. पाण्याचा कॅन उचलला तर रिकामा. वीज गेलेली, म्हणजे मोटार बंद. विहिरीत पाणी दिसत होतं, पण उतरायला धड पायरी नाही. गाव लांब आणि उन्हानं डोळ्यांपुढं पिवळं व्हायला लागलेलं. पोती टाकून जावं तर कुणी नव्हतं. घसा इतका कोरडा, की आवंढा अडकला.

टरबुजाच्या ओळी पलीकडेच होत्या. नळीत उरलेलं पाणी असेल, असं वाटलं. मी गुडघ्यांवर बसलो, हाताला लागली ती नळी उचलली, जोड उपटला आणि टोक तोंडात धरून ओढायला लागलो. कोमट, प्लॅस्टिकच्या वासाचं थोडंसं पाणी आलं. आणखी ओढलं. ओठ चुरचुरायला लागले. आधी कळलं नाही. मग कळलं. तिखट होतं ते. मी लावलेलं.

जिभेला नळीवरचे खड्डे लागत होते. बारीक, जोडीजोडीनं. दातांचे.

तोंड भाजत होतं आणि तरी मी ओढत होतो. तहान लागलेल्या माणसाला तिखटाचं काही वाटत नाही, हे मला त्या दुपारी समजलं. तो वेडा झाला नव्हता. त्याला पाण्याचा आवाज येत होता. नळीतून रोज त्याच्या नाकासमोरून पाणी जात होतं, आणि टरबुजाच्या वेलाला जे मिळत होतं ते त्याला नव्हतं. एखाद्या गोष्टीची आशा सोडली की आपण म्हणतो, तिच्यावर पाणी सोडलं. मी हावऱ्यावर पाणी सोडलं होतं, अगदी तळहातातून, चारचौघांत. त्याला पाणी मात्र कधी ठेवलं नव्हतं. आणि देवाच्या दारात त्यानं जे चाटलं, ते तीर्थ नव्हतं. उन्हातून आलेल्या कुत्र्याला एवढंच पाणी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दादारावला म्हणालो, "सोनारीला जाऊ."

"आता काय मांजर सोडायचंय का?"

"हावऱ्याला आणायचंय."

"आप्पा, देवाला सोडल्यालं कुणी माघारी आणतंय व्हय? लोकं शेण घालतील तोंडात." पण गाडी त्यानं काढली.

हावऱ्या त्या म्हातारीच्या पालाजवळ सावलीला पडला होता. त्याच्यापाशी एक फुटका माठ कापून केलेलं भांडं होतं, पाण्यानं भरलेलं. मला पाहिल्यावर तो उठला, आणि मला वाटलं आता हा गुरगुरेल. तो धावत आला. शेपूट, कंबर, सगळं अंग हलवत आला. माझे हात चाटले, पायांवर लोळला, उठला, परत लोळला. त्याला माझा राग नव्हता. राग असता तर मला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती.

"न्यायला आलास व्हय?" म्हातारी म्हणाली. तिनं मला ओळखलं होतं. "न्हेता येत न्हाय बाबा. देवाला सोडल्यालं हाय ते. म्या सोता बगितलंय, तू पाणी सोडलंस त्ये."

"मावशी, मी देवाला सोडला नव्हता."

"मग?"

आजूबाजूला दर्शनाला आलेली माणसं होती. दादाराव गाडीला टेकून मोबाइलमध्ये बघत असल्याचं दाखवत होता. मी म्हणालो, "नको झाला म्हणून टाकून गेलो होतो."

"मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतंय."

तिला चांगलं ऐकू येत होतं. मी परत, मोठ्यानं म्हणालो. दोघं-तिघं वळून बघायला लागले.

"आस्सं," ती म्हणाली. "आन् म्या येडी तवा हात जोडून बसले. म्हटलं काय भक्तिवान माणूस हाय! डोळ्याला पाणी आलतं माझ्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "टाकल्यालं आसंल तर ने. टाकल्यालं नेता येतंय. पर जे मला सांगितलंस ते आत जाऊन त्यालाबी सांग. त्याच्या नावावर खपवलंस न्हवं?"

मी आत जाऊन सांगितलं. देवापुढं बोलणं फार अवघड नव्हतं. तिच्यापुढं होतं.

मग दादारावनं पिकअपचा मागचा फाळका पाडला. लोखंडाचा तो खणकन् आवाज झाला, आणि हावऱ्या जागीच थिजला. शेपूट पोटाखाली गेलं. उभ्या उभ्या तो मुतला. मग तो मागं मागं सरकत म्हातारीच्या पालात, नारळांच्या पोत्यामागं जाऊन बसला. हाक मारली की कान हलायचे, अंग हलायचं नाही. मी त्या पोत्यापुढं बसून राहिलो. म्हातारीनं नारळ विकले, सुट्टे दिले, मला एकदा चहा दिला. ऊन कलल्यावर मी त्याला उचलून घेतला. त्यानं विरोध केला नाही. नुसता थरथरत होता. दादाराव म्हणाला, "बांध मागं, आन् ये पुढं." मी त्याला घेऊन मागंच बसलो.

मागं बसलं की रस्ता उलटा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. जे येतंय ते दिसत नाही, फक्त जे सुटतंय तेवढं दिसतं. झाडं, दुकानं, माणसं लहान होत जातात. धुराळा तोंडावर येतो. त्याला मी असंच नेलं होतं. बेंबळी येईपर्यंत तो माझ्या मांडीत थरथरत होता.

हौदातली पोती मी त्याच आठवड्यात काढली. खताचा वास जाईना, घासून घासून हात सोलले. हौद भरला. त्यानंतर आजतागायत माझ्या शेतातली एकही नळी चावली गेलेली नाही. ही चांगली गोष्ट म्हणून मी कुणाला सांगू शकत नाही. त्या न चावलेल्या नळ्या माझ्याविरुद्धची साक्ष आहेत.

पूनमनं विचारलं, "देवानं परत कसा काय दिला, पप्पा?" आणि मी म्हणालो, "देव म्हणाला, तूच सांभाळ." दुसऱ्यांदा मी देवाच्या तोंडात माझं वाक्य घातलं. ती आता लातूरला कॉलेजात आहे. हे छापून आलं तर वाचेल. पोरी, देव काही म्हणाला नव्हता. एक म्हातारी म्हणाली होती, आणि ती जे म्हणाली ते तुला सांगायची माझी हिंमत नव्हती.

त्या आधी दोन वर्षं मी त्याला पाळला होता, पण बघितला त्यानंतर. संध्याकाळी हौदाच्या काठावर काम नसताना बसायला लागलो. कान मागं पडले की भीती, एकच कान वळला की रस्त्यानं कुणीतरी येतंय, जांभया देतो तेव्हा झोप आलेली नसते, जीव घाबरा झालेला असतो. हे सगळं तो पहिल्यापासून सांगत होता. दोरी गेली. शेळ्यांमागं लागू नये म्हणून मीच त्याच्याबरोबर वाटेपर्यंत चालत जाऊ लागलो. शेळ्या गेल्या की आम्ही दोघं परत यायचो. लोक हसायचे. दुकानात अजूनही कुणीतरी येतं आणि विचारतं, "आप्पा, कुत्रं ठिबक कुरतडायलंय, एखादं जालीम औषध द्या." मी म्हणतो, "घमेलं भरून पाणी ठेव." "आवो, दुकान औषधाचं आन् सल्ला पाण्याचा! धंदा कसा हुईल तुमचा?" मी हसतो. काही जण ठेवतात. काही जण दुसऱ्या दुकानातून औषध नेतात, ते मला दोन दिवसांनी कळतं.

पण गाडीचं भय गेलं नाही. कुणाच्याही पिकअपचा फाळका पडला की हावऱ्या ज्वारीत शिरतो, आणि गाडी जाऊन आवाज विरेपर्यंत बाहेर येत नाही. माझ्याजवळ तो येतो, टेकून बसतो, डोकं मांडीवर ठेवतो. तरी मी चटकन उठलो तर त्याचं अंग आक्रसतं. मायेच्या खाली ते भय बसलेलं आहे, आणि ते मी घातलेलं आहे. वर कितीही माया रचली तरी ते निघत नाही.

यंदा त्याचे दात पडले. या आठवड्यात त्यानं खाणं सोडलं. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. दादारावची गाडी बांधापाशी उभी होती, पण मी ती सांगितली नाही. आम्ही चालत निघालो. तो चार पावलं चालायचा आणि उभा राहायचा. मीही उभा राहायचो. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली, कुठंतरी आगटी पेटलेली. बांधावरून दादारावनं हाक मारली, "आप्पा, वरात कुणाची? नवरदेव लई दमलाय की!"

"तू ये करवला म्हणून," मी म्हणालो. तो हसला, मग हसू आवरून बघत राहिला.

बाभळीच्या सावलीत हावऱ्या बसला. पाण्याची बाटली माझ्याजवळ होती, भांडं राहिलं होतं. मी उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडापुढं धरलं. त्यानं हुंगलं. माझ्या हाताकडे बघितलं. मग सोनारीसारखं पाणी खाली पडायची वाट पाहत, मान खाली घालून हाताखालच्या मातीकडे बघत राहिला.

पाणी बोटांच्या फटीतून गळत होतं. जिथं थेंब पडत होते, तिथली माती तो चाटत होता. मी हात मागं घेतला नाही. तळहात रिकामा झाला तसा परत भरला, आणि परत धरला.